शनिवार पेठेतला सामाईक टाय

मंगळवार, १७ फेब्रुवारी. सकाळी स्वेटर लागेल इतकी थंडी, साडेदहानंतर पंखा लागेल इतकं ऊन. आकाश निरभ्र.

मी टाय बोलतोय. निळा, बारीक तिरक्या करड्या रेघांचा, टोकाला मिसळीच्या तर्रीचा एक डाग असलेला. डाग लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. शनिवार पेठेतल्या सुनीतीबाईंच्या अभ्यासिकेत, बाथरूमच्या दाराशेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो. माझ्या खाली खालिदची खुर्ची. आज त्याच्या नोकरीचा निकाल ईमेलनं येणार आहे आणि तो सकाळपासून पुस्तकाचं एकच पान वाचतोय. तेवढ्यात मी माझी हकीकत सांगून घेतो.

कारखान्यात माझ्यासारखी शेकडो भावंडं एकाच दिवशी जन्मली. त्यातली काही कुठल्या कुठे गेली, मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात काचेखाली येऊन पडलो. एखाद्या बड्या साहेबाच्या गळ्यात पडू अशी आम्हा सगळ्यांची समजूत असते. मला घेतलं इंद्रजीतनं. बार्शीहून पुण्याला बी.कॉम. करायला आलेला मुलगा, दुसऱ्या दिवशी मुलाखत. दुकानातल्या काकांनी मला त्याच्या गळ्यात घातलं, वरून, खालून, मधून फिरवलं आणि क्षणात गाठ बांधली.

"काका, परत एकदा दाखवता का?" इंद्रजीतनं विचारलं.

"शिकवणी पाहिजे असेल तर क्लास लावायचा. इथे टाय मिळतात."

इंद्रजीतनं ती गाठ आयुष्यात कधी सोडली नाही. फास सैल करायचा, डोक्यावरून मला काढायचं, खिळ्याला अडकवायचं. त्याला नोकरी लागली, तो बंगळुरूला गेला आणि जाताना मला गाठीसकट अभ्यासिकेला देऊन गेला. तेव्हापासून मी सामाईक. कुणाचीही मुलाखत असली की मला न्यायचं, डोक्यावरून घालायचं, डोक्यावरून काढून परत आणायचं. गाठीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. एकानं तर मला घालूनच मिसळ खाल्ली, कारण काढताना गाठ सुटली तर काय घ्या!

माझ्याबरोबर इंद्रजीत आणखी एक वस्तू ठेवून गेला. त्याचं पाठ केलेलं उत्तर. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की म्हणायचं ते. माझे वडील बार्शीला शिक्षक आहेत, तेच माझा आदर्श. माझा दोष म्हणजे मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो. आणि नेतृत्वगुण विचारले की कॉलेजच्या शिबिरात मी तीनशे झाडं लावून घेतली. इंद्रजीतच्या बाबतीत यातलं सगळं खरं होतं. त्याच्यानंतर मला घालणाऱ्या प्रत्येकानं ते जसंच्या तसं घेतलं, बार्शीच्या वडिलांसकट. झाडं तेवढी दरवर्षी पन्नासनं वाढत गेली, पाणी न घालता.

लोक समोरच्याचा चेहरा पाहतात. मी कंठ पाहतो. खोटं बोलण्याआधी कंठ वर जातो, एक क्षण तिथेच थांबतो आणि मग खाली येतो. बार्शीचे वडील आले की प्रत्येकाचा कंठ माझ्या गाठीवर येऊन आदळायचा. मला गुदगुल्या व्हायच्या.

सुनीतीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी त्या मुलांच्या लुटुपुटीच्या मुलाखती घेतात. एका रविवारी खालिदच्या मित्रानं, केदारनं, हे उत्तर म्हटलं, मागोमाग खालिदनं म्हटलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"इंद्रजीत गेला, पण वडील इथेच ठेवून गेला वाटतं."

पोरं हसली. बाईंना विनोद करायचा नव्हता, हे फक्त मला कळलं.

आता खालिदबद्दल. हा बागवानांचा मुलगा. त्याचे अब्बा इम्तियाजभाई, मार्केट यार्डात फळांचा गाळा. खालिद तिथेच संत्र्यांच्या पेट्यांवर बसून पाढे शिकला. बाजारात त्याला सगळे 'इम्तियाजचा पोरगा' म्हणतात. त्याचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. एक जागा, जिथे त्याला खालिद म्हणतील. अब्बांनी मुदत दिलेली. परीक्षा संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गाळ्यावर. कॉलेजात येऊन गेलेल्या कंपन्यांनी त्याला घेतलं नव्हतं. शेवटची एकच राहिली होती, मॉलना माल पुरवणारी. केदारनं सगळी माहिती काढली होती.

"ट्रेनी मॅनेजर, भावा. बाणेरला ऑफिस. सगळं काचेचं. लिफ्टमध्ये गाणी लागतात."

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जानेवारीअखेर अभ्यासिकेत पंख्यावरून जुंपली. निम्म्यांना उकडत होतं, निम्मे स्वेटर घालून बसलेले. पंख्याचं बटण दिवसभर वरखाली. सुनीतीबाईंनी पाटी लावली, 'पंखा चालू अथवा बंद ठेवावा. दोन्ही एकदम ठेवू नये.' उपयोग शून्य. शेवटी खालिदनं सगळ्यांना जिन्यात नेलं आणि ज्याला वारा हवा त्यानं पंख्याखाली, ज्याला नको त्यानं भिंतीकडे, अशी अदलाबदल ठरवली. परत आल्यावर सगळ्यांनी जागा बदलल्या, केदार बदलेना. स्वेटर आणि कानटोपी घालून पंख्याखाली बसून राहिला.

"तुला गार लागतंय ना?" खालिदनं विचारलं.

"लागतंय."

"मग ऊठ की."

"नाही."

दुसरा कुणी असता तर खेचाखेच झाली असती. खालिद टेबलाखाली वाकला. केदारचा मोबाइल तिथल्या सॉकेटला लावलेला होता. त्या रांगेत चार्जिंग होणारं तेवढं एकच सॉकेट. खालिदनं घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि केदार मुकाट्यानं भिंतीकडे गेला. या अदलाबदलीत सगळ्यांनी नाकारलेली एक खुर्ची उरली, बाथरूमच्या दाराजवळची. ती खालिदनं घेतली. अशी आमची ओळख.

मागच्या गुरुवारी मुलाखत होती. केदार पहिला, खालिद त्याच्यानंतर लगेच. मी एक, गळे दोन. म्हणून असं ठरलं की केदारनं बाहेर येताच मला खालिदच्या डोक्यावर चढवायचं.

केदार बाहेर आला तो घामेजलेला आणि खूश.

"झक्कास झाली! सगळं इंद्रजीतचं टाकलं. घे लवकर, नाव पुकारतील."

त्यानं मला घाईनं ओढलं, आणि ओढायला नको ते टोक ओढलं. इतक्या वर्षांची गाठ सळकन सुटली. ती सुटली की मी सोडली, हे मला विचारू नका. इतकंच सांगतो, की बरं वाटलं.

"अरे, हे काय केलंस?"

"मी कुठे केलं? त्यानंच केलं!"

व्हरांड्यात टाय घातलेली बरीच मुलं होती. दोघं मला घेऊन, गाठ बांधून दे म्हणत, सगळ्यांपुढे फिरले. एक म्हणाला, "मला बाबांनी बांधून दिलाय. मी सकाळपासून मान पण वळवली नाहीये." दुसऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला गोरा माणूस गाठ बांधून हसेपर्यंत खालिदनं मला स्वतःच्या मनगटाला घट्ट बांधून घेतलं होतं. तेवढ्यात नाव पुकारलं. केदारनं दातांनी मला सोडवलं, खालिदनं खिशात कोंबलं. टोक बाहेर राहिलं.

आत दोघं होते. कल्याणी मॅडम, आणि त्यांच्याशेजारी सर्जेराव साहेब, गळ्यात मरून रंगाचा देखणा टाय. सुरुवात इंग्रजीत झाली. खालिदनं श्वास घेतला आणि म्हणाला, "माय फादर इज अ टीचर इन बार्शी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि थेट मराठीत आल्या.

"मघाशी आलेल्या केदार जोगळेकरांचे वडीलही बार्शीला शिक्षक आहेत. तुम्ही भाऊ का?"

सर्जेरावांनी कागद पाहिले. "मॅडम, ते जोगळेकर आहेत. हे बागवान."

"तेच विचारतेय मी. आणि तुमच्या खिशातून डोकावतोय तो टाय मघाशी इथे येऊन गेला. डागासकट. आता पुढचं मीच म्हणू का? मघाचीच साडेचारशे झाडं?"

"पाचशे, मॅडम." खालिदच्या तोंडून गेलं. "या वर्षी पाचशे."

सर्जेरावांना खोकला आला. मॅडम हसल्या नाहीत.

"हे सगळं आहे कुणाचं?"

"इंद्रजीतचं. आमच्या अभ्यासिकेत होता. टायही त्याचाच. आता सगळ्यांचा आहे."

"मग तुमचं काय आहे?"

खिशात त्याची मूठ माझ्यावर आवळली होती. तळहात ओला. मला वाटलं, हा आता माफी मागून उठणार आणि परीक्षा संपली की गाळ्यावर जाणार. मग मूठ सैल झाली.

"माझे अब्बा मार्केट यार्डात फळं विकतात," तो म्हणाला. "झाड मी एकही लावलेलं नाही. एक पंख्याचं भांडण मिटवलंय, पण ते सांगण्यासारखं नाही."

"सांगा."

त्यानं सांगितलं. पाटी, स्वेटर, जिना, सगळं. मॅडमनी मध्येच अडवलं. "तो कानटोपीवाला उठत नव्हता, त्याचं काय केलंत?"

"भांडण पंख्याचं नव्हतंच, मॅडम. चार्जिंगचं होतं. बोर्ड आणून दिला." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "तो मघाशी येऊन गेला. बार्शीवाला."

आता मात्र मॅडम हसल्या. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"सर्जेराव, यांना टाय तरी बांधून द्या. अजून बरेच प्रश्न विचारायचेत."

सर्जेरावांचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच थांबला. कॉलर जराशी उचलली गेली आणि खिशातून मला दिसलं. मरून टायाच्या मागे इलॅस्टिक होतं.

"राहू द्या, मॅडम. टायशिवाय चालेल."

"सर्जेराव?"

"माझा हुकाचा आहे," साहेब हळूच म्हणाले.

आम्ही गाठीचे टाय हुकाच्या टायाला एरवी जरा कमीच लेखतो. त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहून मनातल्या मनात टोक हलवलं. पुढचे सगळे प्रश्न माझ्याशिवायच झाले.

बाहेर केदार वाट पाहत होता. "झाडं सांगितलीस ना?"

"पाचशे."

"शाबास!"

खरं काय ते खालिदनं स्कूटरवर सांगितलं. डेक्कनच्या सिग्नलला केदारनं विचारलं.

"म्हणजे मी पण पकडला गेलो?"

"हो."

"पण मला तर त्या बाई काहीच बोलल्या नाहीत!"

"तेव्हा तू पहिला होतास ना."

सुनीतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "इंद्रजीतला कळवा, दोन भाऊ झालेत म्हणावं," इतकंच म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी माझ्या खिळ्यावर नवी पाटी होती. 'टाय न्यावा. गाठ आपापली बांधावी.'

गेले चार दिवस पोरं आरशासमोर उभी असतात. खालिदच्या पहिल्या प्रयत्नात मी त्याच्या छातीवरच संपलो, दुसऱ्यात पट्ट्याखाली लोंबलो. तिसऱ्यांदा गाठ झाली, भेंडीसारखी, पण झाली. केदारनं गाठ बाजूला ठेवून आधी स्वतःची ओळख पाठ करायला घेतलीय. "माझे वडील झेरॉक्सचं दुकान चालवतात" इथपर्यंत तो छान येतो आणि मग थांबतो, कारण पुढचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. काल मात्र तो थांबल्या जागी खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ विचार करत होता.

मी आता खिळ्यावर मोकळा लोंबतो. पंख्याच्या वाऱ्यावर माझी दोन्ही टोकं वेगवेगळी हलतात, हे सुख मला काचेखालीसुद्धा मिळालं नव्हतं. तुम्हा पोरांना एकच विनंती. मला खुशाल न्या, भेंडीसारखी तर भेंडीसारखी गाठ बांधा, वाटलं तर मिसळही खा. पण परत आणाल तेव्हा मोकळा करून आणा. पुढच्याला माझ्याशी झटू द्या. मलाही तेवढीच करमणूक.

खालिदचा मोबाइल वाजला. केदार एक्स्टेन्शनची वायर ओलांडून धावत आला.

ईमेल अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आली. खालिद इम्तियाज बागवान याची निवड झाली. केदार जोगळेकर याची झाली नाही. रुजू होण्याची तारीख, एक जून. कामाचं ठिकाण, मार्केट यार्ड, फळबाजार. हजेरी, पहाटे चार. पोशाख, कंपनीचा टी-शर्ट.