मी अंग झाडणार नाही

मी सायवनचा वाघ बोलतोय. बरं, वाघ नाही, बोकड. पण दाढी तर बघा! अख्ख्या पाड्यात एवढी कुणाला नाही. शिकलेलाही आहे मी. दक्षाचं चौथीचं पुस्तक अर्धं खाल्लं, तेवढ्यात तिच्या आईनं, म्हणजे माझ्या मालकिणीनं, जमनानं, उरलेलं हिसकावलं. म्हणून शिक्षण अर्धवट राहिलं.

जमनाचा नवरा सुक्या. भात झोडून झालं, दिवाळी सरली, की तो गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. मी दोन महिन्यांचा होतो तेव्हा बातमी आली. बोट हद्द ओलांडून गेली म्हणून पाकिस्तानवाल्यांनी धरली. सगळे खलाशी कराचीच्या तुरुंगात. आता सांगा, पाण्यावर बांध कुणी घातलाय? मी शेजाऱ्याच्या वालात शिरतो तेव्हा मला कुंपण तरी दिसतं. दिसतं, तरी शिरतो, ती गोष्ट वेगळी.

जमनानं मला उचललं, गावदेवापुढं उभं केलं आणि कपाळाला शेंदूर फासला. "देवा, माझा माणूस घरी आण. हा बोकड तुला."

मला विचारलं कुणी?

तेव्हापासून सुक्याची सुटका म्हणजे माझं मरण. सुक्याचा भाऊ मनिष चारोटीला हॉटेलात कामाला. सुट्टीला आला की मोबाईलवरच्या बातम्या मोठ्यानं वाचायचा. "वहिनी, बोलणी परत फिसकटली." जमनाचं तोंड उतरायचं आणि मी अंगणात दोन उड्या मारायचो. अमेरिका इकडं झुकली, चीन तिकडं टेकला, की इथं सायवनात माझं आयुष्य सहा महिन्यांनी वाढायचं. चार वर्षं मी असा माजलो. एवढी मोठमोठी सरकारं एका बोकडासाठी झटतायत, असंच वाटायचं मला!

एकदा सरकारनं सुक्याची ओळख पटवायला कागद मागितले. जमनानं डहाणूहून झेरॉक्स काढून आणल्या. त्यातली एक मी खाल्ली. तिनं काठी उचलली नाही. नुसती ओट्यावर बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून परत डहाणूला गेली. त्या दिवसापासून मी कागद सोडला.

यंदा भादव्यात सुक्या सुटून आला. पाय माझ्यासारखे झालेले, काटक्या.

नवसाचा दिवस ठरला. भगतानं माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. रीत अशी, की बोकडानं अंग झाडलं म्हणजे देवानं घेतला. झाडलं नाही, तर सुरी लावायची नाही. पाणी कानात शिरलं, पाठीवरून शेपटीपर्यंत ओघळलं. एकेक केस म्हणत होता, झाड, झाड! मी म्हटलं, भांडले दोन देश, धरला सुक्या, आणि मान मी द्यायची? नाही झाडत, जा.

दुसरा तांब्या. तिसरा. मनिषनं कानात फुंकर मारली. मी त्याच्या नव्या चपलेवर लेंड्या टाकल्या, पण अंग हलवलं नाही.

"देव घेत नाय," भगत म्हणाला.

सुक्या हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला. "सोडा त्याला. तो पण चार वर्षं दाव्यालाच होता."

देवाला कोंबडा दिला. त्याचं आणि माझं तसंही कधी पटलं नव्हतं.

मला वाटलं, सुटलो, सगळेच सुटलो. पण काल दिवाळी सरली, बंदरातून शेठचा फोन आला आणि सुक्यानं बोटीची पिशवी खाली काढली. मी पिशवी दातांत धरली आणि दारात आडवा उभा राहिलो. सुक्या डावीकडं सरकला, मी डावीकडं. तो उजवीकडं, मी उजवीकडं.

"काय रं, तू पण हद्दीवर पहारा लावलास?"

"बें!" पिशवी न सोडताच मी ओरडलो. म्हणजे, अरे, मी जागचा हललो नाही म्हणून वाचलो. तुम्ही पण उभे राहा की असेच! कोण काय करतंय बघू!

माझी भाषा जमनाला कळते. चार वर्षं, दक्षा शाळेत गेली की, तिच्याशी बोलायला दुसरं होतं कोण? ती बाहेर आली आणि माझ्या दातांतून पिशवी ओढून घेतली.

"तू उभा राहिलास, दाढीवाल्या, कारण पाला मी आणून टाकत होते," ती म्हणाली. "आम्ही उभे राहिलो तर आमच्यापुढं कोण आणून टाकील?"