सातव्या नंबरला लावलेला मीटर

सकाळपासून सहा जण बास गिटार वाजवून गेले, पण डीआय बॉक्सला मी बोटही लावलं नव्हतं. वाद्यवृंदातल्या कायम नोकरीची परीक्षा होती. वाजवणारा एका खोलीत, परीक्षक दुसऱ्या खोलीत, मधे माझी, म्हणजे साउंडवाल्याची, लांबलचक वायर, आणि गिटारचा आवाज त्या वायरीत सोडणारा हा बॉक्स. नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर. सातवा नंबर माझ्या ताईचा. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि ती माझी बहीण आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सहावा गेला आणि मनात शंका आली. ऐन वेळी बॉक्सने दगा दिला तर? आत असतं तरी काय, लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एकमेकांना न जोडलेली. गिटारचा करंट पहिल्यात थरथरतो, त्याने लोखंडातलं चुंबकत्व थरथरतं, आणि तीच थरथर दुसऱ्या वेटोळ्यात उमटते, लांब वायरीला झेपेल अशी. इतकं साधं. तरी मला चैन पडेना. तार तुटली नाही ना, हे बघायला मी मीटर लावला.

सुई हलली, म्हणजे तार शाबूत. जीव भांड्यात पडतोय तोवर चूक लक्षात आली. मीटर स्वतःच्या बॅटरीचा करंट सोडतो. तो एकाच दिशेने वाहतो, लोखंडच चुंबक होऊन बसतं आणि खालचे सूर घोगरे होतात. मूर्खा, हे तर तूच दहा जणांना शिकवलंस!

दुसरा बॉक्स खाली गाडीत होता, आणि तेवढ्यात सातवा नंबर पुकारला गेला. परीक्षकांच्या खोलीत पोहोचलो तेव्हा ताईचा खालचा सूर घसा बसल्यासारखा येत होता. मुख्य परीक्षक बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. गप्प बसलो तर दोष तिच्या बोटांवर जाणार होता.

"थांबवा," मी म्हणालो. "बॉक्स मी बिघडवलाय. मीटर लावला."

"सहा जण झाले तोवर नाही, आणि आत्ताच का लावलात?" बाईंनी विचारलं.

थाप मारायचा विचार आला, पण खरं तेच बोललो.

"ताई आहे माझी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. नंबरामागचं माणूस कळलं की नंबर बाद, असा नियम होता. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं, पण त्यांनी नियम मोडला नाही.

ताई जिन्याशी गिटार पिशवीत भरत होती. मी सगळं सांगितलं, रडलोसुद्धा. तिने चेन शेवटपर्यंत ओढली.

"त्या सहा जणांच्या वेळी हात आवरलास ना," ती म्हणाली. "मग आजच्या दिवस मलाही परकी समजायचंस रे."