शेवटच्या पानावरचे वाचक

वाचनालयातल्या बाईंचे हात दोनच, पण त्यांना सात वळणांची अक्षरं काढता येत. वाचनालयाचा रिवाज असा, की प्रत्येक कादंबरीच्या शेवटी कोरा कागद चिकटवायचा आणि वाचकांनी त्यावर नाव न घालता अभिप्राय लिहायचा. आता कोऱ्या कागदावर पहिलं कोण लिहिणार? पहिला घास घ्यायला सगळेच लाजतात. म्हणून पहिले दोन अभिप्राय बाई स्वतःच अक्षर बदलून लिहीत, एक कौतुकाचा आणि एक नाक मुरडणारा. मग वाचक आपोआप भांडायला लागत. हे गुपित फक्त त्यांच्या लेकीला ठाऊक होतं. लहानपणी शाळा सुटली की ती काउंटरमागे बसून हसून हसून लोळायची. "आई, आता रागीट आजोबांचं अक्षर काढ ना!"

लेक मोठी झाली, शिकली आणि दुसऱ्या शहरात एका बाईबरोबर संसार करू लागली. हो, संसारच. तिने तसं तोंडावर सांगितलं होतं. बाई मात्र विचारणाऱ्यांना सांगत, "मैत्रिणीबरोबर राहते, तेवढीच सोबत." एकदा लेक फोनवर म्हणाली, "आम्ही बाळासाठी उपचार घेतोय. मीच वाढवणार पोटात." त्यावर बाई म्हणाल्या, "इकडे थंडी फार पडलीय गं." लेकीवर जीव नव्हता असं नाही. पण चार लोकांना घाबरून राहायची सवय त्यांच्या हाडीमाशी भिनली होती.

अशात ती कादंबरी आली. दोघी बायका, एक घर, मूल काही होत नाही, आणि एकीची आई उंबरठ्याच्या आत येत नाही. बाईंनी दोन दिवसांत वाचली आणि पदराला डोळे पुसून पुसून पदर ओला केला. मग कागद चिकटवला. "भाषा ओघवती," एवढं कौतुक लिहून होतंय तोच वाचनालयाचे अध्यक्ष समोर येऊन उभे राहिले.

"असली पुस्तकं कशाला घेता हो? परत पाठवा."

बाईंना वाटलं, आपल्या घरातलं सगळं आपल्या कपाळावर लिहिलंय. अध्यक्षांची पाठ वळताच त्यांनी रागीट आजोबांचं अक्षर काढलं. "अशा बायकांची कूस उजवत नाही, हे देवाच्याच मनात असावं." मग पान अध्यक्षांना दाखवत म्हणाल्या, "बघा, वाचक काय ते बरोबर ओळखतात." अध्यक्ष खूश झाले आणि कादंबरी कपाटात राहिली. बाईंनी पुस्तक वाचवल्याचं समाधानही करून घेतलं!

पुस्तक हातोहात जाऊ लागलं. अक्षरावरून बाईंना माणूस कळे. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी लिहिलं, "दोनदा वाचली. आमच्या ह्यांना सांगू नये." दवाखान्यातल्या नर्सने लिहिलं, "बाळाच्या उपचारातली सुई पोटात टोचतात, दंडात नाही. लिहिण्याआधी जरा विचारायचं तरी!" निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलं, "माझा धाकटा भाऊ असाच होता. आम्ही त्याला घराबाहेर काढलं. छपाईच्या चुका फार आहेत."

आणि एका दुपारी न कळवता लेक आली. एकटीच. तोंड पार उतरलेलं.

"दोन दिवस राहते आई. तुझ्याशी बोलायचंय."

"बस हं, एवढी रांग उरकते," बाई म्हणाल्या.

रांग उरकायला अर्धा तास गेला. मान वर केली तर लेकीच्या हातात तीच कादंबरी, आणि तीही शेवटच्या पानावर उघडलेली. लेकीने टेबलावरचं पेन उचललं, काहीतरी लिहिलं आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

"निघते. संध्याकाळची बस मिळेल."

"अगं, दोन दिवस म्हणालीस ना?"

"नको."

ती गेल्यावर बाईंनी पान उघडलं. आजोबांच्या ओळीखाली लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं, "तिसरंही पोटातच गेलं, आजोबा. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला आले होते. तुमचंच बरोबर असेल."

बाईंनी कागद फाडायला हात घातला, तोच शिवणकामवाल्या ताई दारात. "बाई, शेजारणीला हवंय ते. देता ना?" नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? पुस्तक गेलं. लेक फोन उचलेना. रोज दुपारी बाई फोन लावायच्या आणि वाजून वाजून बंद व्हायचा.

तीन आठवडे पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिलं. परत आलं तेव्हा पान भरलं होतं, कोणीतरी दुसरा कागद जोडला होता. "पोरी, माझी मांडी आहे. शिवणाच्या दुकानामागेच राहते, कधीही ये." "तिसरं गेलं की अंग फार दुखतं. औषधं बंद करू नकोस, बाळा." "मी भावाचा पत्ता शोधतोय. तू रडू नकोस." "तो आजोबा भेटला तर कान उपटीन." आणि एक बारीक, अनोळखी अक्षर, "पण हिची आई कुठे आहे?"

बाई उभ्या उभ्या रडल्या. मग पानांचे फोटो काढून लेकीला पाठवले. फोन लगेच आला.

"बघितलंस ना गं? किती माणसं तुझ्या बाजूची आहेत!"

"आई, ह्यातली किती तुझी?"

"एकही नाही गं, तुझी शपथ! सगळी खरी माणसं आहेत."



"एकही नाही?" लेक म्हणाली. "मला वाटलं, ते मांडीचं तरी तू लिहिलं असशील."