तारामाशाची बरणी

तारामाशाच्या बरणीतलं स्पिरिट पुन्हा बोटभर खाली गेलं होतं. बरणीकाकांनी झाकण चाचपलं, दाराकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मेहुण्याचाच चेहरा आला.

कॉलेजातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांची कपाटं काकांच्या ताब्यात होती. नोकरी सेवकाची, पण तोरा मालकाचा. रोज सकाळी ते ठरलेल्या क्रमाने बरण्या पुसत: आधी अंगभर भोकं असलेले स्पंज, मग नुसता पाण्याचा गोळा वाटावा अशी जेलीफिश, चपटे कृमी, जंत, कड्याकड्यांचं गांडूळ, सांध्यासांध्यांच्या पायांचे खेकडे नि विंचू, शंखातल्या गोगलगायी आणि शेवटी काटेरी कातडीचे, पाच हातांचे तारामासे. "एकालाही पाठीचा कणा नाही, पण एकानेही मला कधी उलट उत्तर दिलं नाही," असं ते मुलांना ऐकवत.

मऊ अंगाचे प्राणी फॉर्मालिनमध्ये ठेवलेले असत. शंखवाले आणि तारामासे मात्र स्पिरिटमध्ये, कारण फॉर्मालिन हळूहळू त्यांच्या अंगातला चुना खातं. आणि उतरत होतं ते नेमकं स्पिरिटच. चोराला चव कळते, हे काकांनी ताडलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एके काळचा पट्टीचा पिणारा. आता सुटली होती म्हणे. बायकोने हट्ट धरला म्हणून काकांनी स्वतः शब्द टाकून त्याला इमारतीत रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून चिकटवलं होतं. तो पुन्हा प्यायला लागला असेल, तर त्याची नोकरी जाणार आणि काकांची पतही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, यावर काकांचा ठाम विश्वास होता.

"काय रे, डोळे लाल?" सकाळी किल्ल्या घेताना त्यांनी विचारलं.

"जागाच असतो ना, दाजी. पहारेकऱ्याचे डोळे पांढरेशुभ्र दिसले, तर समजा झोपा काढल्यात."

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच काकांना जास्त खटकलं.

त्याच दिवशी त्यांनी कुणालाही न सांगता गोगलगायींच्या आणि तारामाशांच्या बरण्यांतलं स्पिरिट काढून फॉर्मालिन भरलं. चोराने तोंड लावलं की असा ठसका बसेल, की आपणहून बोंबलत सापडेल. चार-आठ दिवसांचा तर प्रश्न, मग पुन्हा बदलू.

पण आता पातळी हलेना. आठवडे गेले, थेंब कमी नाही. "लबाडाला सुगावा लागला," काका मनात म्हणाले, आणि तेवढ्यावर त्यांच्या लेखी गुन्हा शाबीत झाला. ऑफिसात सांगून त्यांनी मेहुण्याला बाहेरच्या फाटकावर टाकलं. त्याने कारण विचारलं तर म्हणाले, "ते तुला ठाऊक." बरण्यांतलं फॉर्मालिन बदलायचं मात्र राहूनच गेलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी तारामासा चिमट्याने उचलला. पाचही हात ओल्या फडक्यासारखे लोंबले आणि एक गळून ट्रेमध्ये पडला. गोगलगायींचे शंख बोटाने दाबताच चुरले.

"काका, यात फॉर्मालिन कोणी घातलं?"

"मीच. स्पिरिट चोरीला जात होतं, बाई."

"चोरी कसली? ही नवी झाकणं घट्ट बसत नाहीत, वर खिडकीतलं ऊन. स्पिरिट उडणारच! फॉर्मालिन तेवढं उडत नाही. हे तुम्हाला मी सांगायचं?"

मुलांसमोर काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला.

"फॉर्मालिन म्हणजे विषच ना हो?"

"विषच. पण तो प्यायला कुठे!"

"आणि प्यायला असता तर?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न काकांना एकदाही पडला नव्हता. बायको त्यांच्याशी पुढे काही बोलली नाही. भावाशी मात्र बोलली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा फाटकावरून थेट प्रयोगशाळेत आला. काका रिकाम्या बरण्या धूत होते.

"आत ये परत कामाला. मी सांगितलंय ऑफिसात," काका खाली बघत म्हणाले. "चुकलं माझं."

"येतो की." मेहुणा अगदी जवळ येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. "पण दाजी, रोज किल्ल्या घेण्याआधी हे करायचं. घ्या वास."

"अरे, काहीतरीच काय! नको."

"घ्या. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

त्याने तोंड उघडून सावकाश श्वास सोडला. काका नको नको म्हणत मान हलवत राहिले, आणि तेवढ्यात त्यांनी वास घेतला.