दोन्ही बाह्या डाव्या

आता काय म्हणावं या पोरीला! वऱ्हाड बारा वाजता पवनीहून आंधळगावला निघणार, नवरी ब्लाऊज घालून बघायला अकराला दुकानात येणार, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी कामिनीच्या लक्षात आलं, की आपण दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यात!

कापडाची घडी घालून कापलं, की एक बाही डावी, एक उजवी आपोआप निघते. पण साडीसोबतचा ब्लाऊजपीस पुरेना, काठ तर बाहीवर यायलाच हवा, म्हणून तिने एकेक बाही सुटी कापली. कागदाचा नमुना ठेवला, कापलं. दुसऱ्यांदा तो उलटा ठेवायचा, तर बाईसाहेबांनी पुन्हा तसाच ठेवला, कारण कानाला फोन! जरीचं कापड, उलटं करून लावायचीही सोय नाही. आणि उरलं होतं बोटभर.

बरं, गिऱ्हाईक कोण? रुखमिणीबाई! पवनीच्या बाजारातली चालतीबोलती दवंडी. तिच्या लेकीचा, टीनाचा, लग्नाचा ब्लाऊज बिघडला, तर संध्याकाळपर्यंत दोन तालुक्यांत बोभाटा आणि कामिनीच्या दुकानाला कुलूप. उभं करून दोनच वर्षं झालेलं दुकान! कामिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन थांबवून ती तशीच बसून राहिली.

समोरच्या दुकानात शकुंतलाबाई तीस वर्षांपासून शिवत आलेल्या. रुखमिणीबाईचं घर म्हणजे त्यांचंच जुनं गिऱ्हाईक. कामिनीने रंगीत पाटी लावली आणि ते घर रस्ता ओलांडून इकडे आलं. तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. पण शिवणाऱ्या बाईचा कान मशीनवर असतो. लग्नाच्या दिवशी समोरची मशीन बंद? चष्मा कपाळावर चढवून शकुंतलाबाई दारात येऊन उभ्या.

"काहून वं, मशीन काहून बंद?"

कामिनीने दोन्ही बाह्या पुढे केल्या. आता ही बाई टाळी वाजवून हसणार, असं तिला वाटलं. आणि हसली असती तर काय चूक होतं?

शकुंतलाबाईंनी बाह्या एकीवर एक ठेवून पाहिल्या. "अवं माय! दोन्ही डाव्या! साडी कोणाच्या दुकानातली?"

"टिकारामभाऊच्या."

"मंग बसली कायले? चाल!"

टिकारामभाऊचं कापडाचं दुकान चार दुकानं सोडून. दोघी धावत सुटल्या आणि सगळा बाजार बघत राहिला. शकुंतला आणि कामिनी एकत्र! सूर्य पश्चिमेला उगवला की काय?

"तशी दुसरी हाय," टिकारामभाऊ म्हणाले, "पण ते पाहा, शोकेसमंदी बाहुलीच्या अंगावर. नुसता ब्लाऊजपीस कसा देऊ? मंग साडी कोण घेईन?"

"बिनपीसची साडी एखादी घेईन कोणी," शकुंतलाबाई कडाडल्या. "पोरीची अब्रू गेली तं कोण आणून देईन?"

टिकारामभाऊंनी एकदा शोकेसकडे बघितलं, एकदा कामिनीच्या चेहऱ्याकडे. मग बाहुलीची साडी सोडली, पलंगपोसासारखी गादीवर पसरली आणि कात्री उचलली. करकर करकर! गेली नवीकोरी साडी!

"भाऊ, पैसे..."

"पहिले लगन लागू दे वो बाई! पळ!"

दहा चोवीस. कामिनीने कात्री धरली, पण हात कापडाला लागेना. हे बिघडलं तर तिसरी साडी जगात नव्हती. शकुंतलाबाईंनी तिच्या हातून कात्री काढून घेतली. "सरक. बाह्या मी करतो. तू हूक लाव." नमुना ठेवला, उलटला, एका दमात दोन्ही बाह्या कापल्या. मशीन अशी धावायला लागली की बास! मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, फिरवताना त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. कामिनी हूक लावता लावता त्या बोटांकडेच बघत होती. दोन वर्षं समोर बसून हे आपण कधी पाहिलंच नाही, याची तिला लाज वाटली.

अकराला पाच कमी. शेवटचा दोरा तुटला आणि दारात हॉर्न वाजला.

रुखमिणीबाई टीनाला घेऊन आत आल्या आणि थबकल्या. "तुम्ही अथी, या दुकानात?"

"पांढरं रीळ सरलं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मागाले आली."

टीना पडद्याआड गेली आणि बाहेर आली ती हसतच. हात वर केले, खाली केले, गोल फिरली. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही, काठ दोन्ही दंडांवर सारखा! रुखमिणीबाईंना लेकीला कुठे ठेवू, कुठे नको झालं.

"भल्लं झ्याक! बाह्या पाहा कशा बसल्या! बरं झालं मी दुकान बदलवलं. म्हाताऱ्या हाताले जमते का असं?"

शकुंतलाबाईंनी खाली पडलेली दोऱ्याची टोकं वेचली. "हाव बाई," त्या म्हणाल्या. "पोरीचा हात साफ हाय."

कामिनीने हातातली सुई खाली ठेवली. गप्प बसलं की झालं होतं! दुकान वाचलं, नाव वाचलं, समोरची बाई स्वतःच झाकून घेत होती. पण तिच्याने राहवेना.

"काकू, बाह्या माया नोहोत. या शकुंतलामावशीच्या हायेत. मी दोन्ही डाव्या कापल्या होत्या."

रुखमिणीबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

"येडी का काय वं तू!" शकुंतलाबाई उसळल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची, अन् हे..."

त्यांचं बोलणं अर्धंच राहिलं, कारण टीना वाकली होती. हिरव्या चुड्याचे दोन्ही हात तिने शकुंतलाबाईंच्या पायांवर ठेवले.

"अवं उठ, उठ! शिवण उसवंल ना!" म्हणता म्हणता म्हातारीचे डोळे भरून आले.

रुखमिणीबाई काही बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच असेल! जाताना मात्र शकुंतलाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "सत्यनारायणाले माया ब्लाऊज पायजे. कापड घेऊन येतो तुमच्याकडं." आणि गाडीत बसल्या.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा शकुंतलाबाईंनी पदराने चष्मा पुसला.

"पाहा, सत्यवादी! गेलं ना तुयं गिऱ्हाईक?"

"गेलं तं जाऊ द्या, मावशी," कामिनी म्हणाली. "तुमच्याच घरी गेलं ना."