पाचगणीच्या वर नाही

मित्रांनो, माझ्या चकाकीवर जाऊ नका. मी जुनी सायकल आहे, चांगली रस्ते तुडवलेली. माझे मालक जिनदत्तअण्णा कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. लांबच्या प्रवासासाठीच त्यांनी मला घेतलं आणि सामानाच्या पिशव्या अडकवायला मागे स्वतः वेल्डिंग करून कॅरियर बसवलं.

काय दिवस होते ते! कवठे महांकाळच्या माळावर टायर भाजायचे. पसरणीच्या घाटात अण्णा घामाघूम व्हायचे, मी कुरकुरायची, पण वर पाचगणीला पोचलो की दोघांनाही गार वाटायचं. कोकण पाहिलं, कच्छचं रण पाहिलं. सोबत अण्णांचे दोस्त आप्पासो असायचे, त्यांच्या सायकलवर. अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे ऊन कललं की आप्पासो ओरडायचे, "थांब रं, आधी खाऊन घे, मग पुढं!" पुढच्या उन्हाळ्यात लडाखला जायचं दोघांचं ठरलं होतं. मला तर दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण आम्ही रणात असतानाच अण्णांची आई गेली. फोनला रेंज नव्हती. घरी आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. माझ्या सीटवर डोकं टेकून अण्णा खूप रडले.

त्या चातुर्मासात गावात मुनिमहाराज आले होते. जैन लोकांत दिग्व्रत घेतात. कोणत्या दिशेला कुठवर जायचं याची हद्द ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. अण्णांच्या बायको, गुणमालावहिनी, त्यांना म्हणाल्या, "चार म्हैन्यांचं घ्या. मनाला बरं वाटंल." अण्णा गेले आणि आयुष्यभराचं घेऊन आले! चारी दिशांना सांगली-सातारा जिल्ह्यांची शीव. या व्रतात वर किती चढायचं तेही सांगावं लागतं. अण्णांनी सांगितलं, पाचगणीएवढं.

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आवं, चार म्हैनं म्हटलं हुतं मी! आता लडाख?"

"संपलं," अण्णा म्हणाले.

हद्दीत फिरता येतं की, असं तुम्ही म्हणाल. एकदा गेलो ना! त्या शिवेवर अण्णा उतरले. पुढचा रस्ता बघत बराच वेळ उभे राहिले आणि मला हातात धरून मागे वळले. त्यानंतर त्यांनी मला बाहेर काढलं नाही.

उन्हाळ्यात आप्पासो आले. "गड्या, तू न्हाईस तर तुझी सायकल तरी दे. लय दमाची हाय. लडाख दावून आणतो तिला." माझा जीव टांगणीला लागला. द्या हो अण्णा, द्या!

अण्णांनी माझं हँडल घट्ट धरलं. मग म्हणाले, "ती गेली की माझं मन तिच्या मागनं जाईल रं. मग व्रत कुठं ऱ्हायलं?"

आप्पासो एकटेच गेले.

अण्णांवर रागवू तरी कशी? शब्दाचा पक्का माणूस. दर रविवारी मला पुसतात, चेनला तेल देतात. शेजारी म्हणतात, "सायकल ठेवावी तर अशी!" मित्रांनो, तुम्ही नका हो अशी ठेवू. तुमची सायकल चिखलाने माखू द्या, पडू द्या, झिजू द्या, पण तिला रस्त्यावर न्या. माझे टायर उभ्या उभ्याच तडकत चाललेत.

हवा भरून झाली की अण्णा अंगठ्याने टायर दाबून बघतात. मी तयार असते. मग ते माझ्यावर चादर टाकतात.