हर्नुपला जामीन

दुराली कुऱ्हाड घेऊन गोड शेंगांच्या हर्नुपच्या झाडासमोर उभा राहिला आणि सवयीने दोनदा दम देऊन बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की झाडाची बाजू घेणारी बायको, दोन्दू, आता नाही.

तुर्कस्तानात सिलिफ्केच्या वरच्या डोंगरात जे झाड फळायचं विसरतं, त्याला घाबरवतात. एकाने कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने बुंध्यावर ठोकायचं आणि विचारायचं, शेंगा देतंस का तोडू? दुसऱ्याने मध्ये पडून गयावया करायची, पुढच्या वर्षी देईल, मी जामीन. असं तीनदा झालं की कुऱ्हाडवाला म्हणतो, जा, तुझ्या शब्दाखातर सोडलं. चाळीस वर्षं हे नाटक या नवराबायकोनं केलं होतं. दुराली मिशीला ताव देऊन ओरडायचा आणि दोन्दू पिठाचे हात पुसत धावत यायची. ती इतकं कळवळून बोलायची, की एखाद्या वर्षी दुरालीलाच झाडाची दया यायची.

पण नाटक असलं तरी त्याचे नियम कडक. जामीन बोलावून आणलेला चालत नाही, त्याने आपणहून यावं लागतं. आणि तिसऱ्या दमापर्यंत कुणीच आलं नाही, तर झाड खरोखर तोडावं लागतं. झाडाला खोटा दम देणाऱ्या घरातली बरकत जाते म्हणतात, आणि दुराली तर बरकतीसाठी चुलीतली राखसुद्धा सूर्यास्तानंतर बाहेर टाकत नसे.

तो थांबला. खालच्या उतारावर लोक काठ्यांनी आपापली झाडं झोडत होते, काळ्या वाकड्या शेंगांची पोती भरत होती. ओळीने सगळ्यांच्या चुलींवर आता या शेंगांची काकवी उकळणार होती. दुरालीच्या झाडावर सलग तिसऱ्या वर्षी शेंग म्हणून नव्हती. पहिल्या वर्षी तो म्हणाला, झाड दोन्दूचं सुतक पाळतंय. दुसऱ्या वर्षी म्हणाला, दमलं असेल. यंदा मात्र त्याचं डोकं फिरलं होतं.

अर्थात खरा राग झाडावर नव्हता, तो होता मेहुणीवर. दोन्दूची धाकटी बहीण एमेती शेजारच्याच बांधापलीकडे राहायची. खालच्या उताराला स्वतःची नर झाडं होती, पण वरच्या उतारावरचं एकुलतं नर झाड तिच्या अंगणात होतं. नराशिवाय मादीला शेंगा धरत नाहीत हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तीन वर्षांपूर्वी, दोन्दू अंथरुणाला खिळली असताना, एमेतीने ते झाड तोडून टाकलं आणि तिथे पत्र्याची पडवी काढली. पडवीसाठी बाईने आपल्या झाडाला विधवा केलं, असं दुराली चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटला. एमेतीने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. दोन्दू गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तिने करून पाठवलेला हलवासुद्धा दुरालीने परत धाडला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता मागे फिरावं तर बरकत जाणार, आणि तोडावं तर दोन्दूने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड जाणार. दुरालीच्या तोंडचं पाणी पळालं. पण शब्द दिला तो दिला. त्याने हातातली कुऱ्हाड फिरवून धारेची बाजू पुढे केली आणि तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चिरकला.

"थांबा दाजी. तोडू नका. मी जामीन आहे."

एमेती बांधावर उभी होती, धापा टाकत.

"तू?" दुराली म्हणाला. "याचा नवरा मारणारी तू याची जामीन?"

"हो, मीच. दोष झाडाचा नाही."

"मग कुणाचा?"

एमेती बांधावर बसली. डोक्यावरचा रुमाल सोडून तिने पुन्हा बांधला, आणि मग बोलली.

"ताईनं तोडायला सांगितलं होतं. त्या शरदात नर झाड फुलायला आलं होतं. त्याचा वास तुम्हाला माहीतच आहे, धडधाकट माणूसही नाक मुरडतो. ताईच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. वारा आमच्या बाजूने आला की तिला उलटी व्हायची."

"मला का नाही सांगितलं?"

"तिला लाज वाटत होती. म्हणाली, जन्मभर आमच्या झाडाला जामीन राहिले आणि आता मीच त्याचा घात करतेय. रडली खूप. तुमच्यापाशी तोंड उघडायचं नाही अशी मला शपथ घातली. पडवी मी नंतर काढली, लोकांनी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं म्हणून."

दुरालीला तो शरद आठवत होता. शेवटचे तीन आठवडे दोन्दू अचानक सूप प्यायला लागली होती. आंबवलेल्या दह्यापिठाचं वाटीभर तरहाना सूप पोटात राहायचं. उशीला टेकून बसायची, त्याची चेष्टा करायची. एके दिवशी तर तिने त्याच्या मिशा कातरल्या होत्या, वाकड्यातिकड्या. औषध लागू पडलं, असं त्याला वाटलं होतं. त्याने शहरात जाऊन डॉक्टरला काकवीचा डबा दिला होता, आणि दर्ग्यावर मेंढा कापला होता. सगळ्यांचे आभार मानून झाले होते. जिचे मानायचे तिला तो टपरीवर शिव्या देत होता.

"पडवीमागे त्या नराच्या उरलेल्या बुंध्याला फुटवे आलेत," एमेती सांगत होती. "काटे लावून शेळ्यांपासून राखलेत मी. यंदा थोडा फुलोरा येईल. तुमच्या झाडाला दोन वर्षं द्या."

दुरालीने कुऱ्हाड खाली ठेवली.

"तुझ्या शब्दाखातर सोडलं," तो म्हणाला. रीतीचेच शब्द. मग तो बांधापाशी गेला. त्याने एमेतीचा राठ हात धरला, ओठांना लावला आणि कपाळाला टेकवला. थोरामोठ्यांच्या हाताचं घ्यावं तसं त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने धाकट्या मेहुणीच्या हाताचं चुंबन घेतलं. खालच्या उतारावरच्या काठ्या थांबल्या.

एमेती लाजेने अर्धी झाली. "दाजी, सोडा. लोक बघतायत. मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

"बघू देत," दुराली म्हणाला. "तीन आठवडे जेवली ती, एमेती. माझ्याशी हसली. ते दिवस तू दिलेस मला, आणि मी तुझा हलवा परत पाठवला."

एमेतीच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. हात मात्र तिने आता ओढून घेतला नाही.